ब्राइटनेस अठ्ठावीस

शटर अर्धंच वर जातं, बाकीचं खांद्यानं.
उदबत्ती, मग यूपीएस, मग संगणक,
आणि मॉनिटर उठतो डोळे फाडून:
ब्राइटनेस शंभर, कॉन्ट्रास्ट पंच्याहत्तर,
पांढरा असा निळसर की
काल रात्री कुणी नीळ जास्त घातली म्हणावं.

काल रात्री मीच लावून गेले होते सगळं.
परवाही. त्याच्या आधल्या सोमवारीही.

बुडाखाली पाच बटणं. दिसत नाहीत,
पाठीमागचे हूक लावावेत तशी चाचपायची.
खाली, खाली, आत, उजवीकडे,
एक बोट चुकलं की मेनू
कुठल्याशा परक्या भाषेत जाऊन बसतो
आणि अंदाजानं परत आणावा लागतो.

शहापूरच्या या गल्लीत आम्ही लग्नपत्रिका छापतो.
एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कानडी.
कडोलीची मुलगी, बैलहोंगलचा मुलगा,
कानडी मजकूर तयार येतो, मी फक्त जागेवर बसवते.
गेल्या आठवड्यात बॉर्डरची हळद
कैरीच्या लोणच्यासारखी उतरली.
स्क्रीनवर झेंडूची होती, देवाशप्पथ.
चारशे पत्रिका भरमाण्णांनी
काही न बोलता रद्दीच्या काट्यावर ठेवल्या.
बोलले असते तर बरं झालं असतं.

इराण्णा आला. गालात पान, खिशात स्क्रू ड्रायव्हर.
"काय करूलंय हे?"
"रोज विसरूलंय."
त्यानं केबल बदलली. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला.
इको मोड बंद केला.
दुकानात मांडून ठेवायचा म्हणे एक डेमो मोड असतो,
तोही बघितला, नव्हता.
आपोआप उजेड जुळवणारं जे काय असतं ते मारलं.
मग मेन स्विच बंद करून कानडीत दहा मोजले,
ओंदु, एरडु, मूरु,
मीही मनात मोजले, त्याच्या एक पाऊल मागे.
चालू केला.
शंभर. पंच्याहत्तर.

"आतली चिप गेलीया अक्का. लिहिलेलं धरीना.
वीज हाय तवर ध्यानात, वीज गेली की कोरा.
नवा घ्या की."
भरमाण्णा पंचांग चाळत होते.
चाळतच राहिले.

दुपारी लाइट गेली. यूपीएसनं दहा मिनिटं
टुक टुक केलं आणि तोही गप्प.
रिकाम्या हाताला काम म्हणून फडकं घेतलं,
मॉनिटर पाठमोरा केला. जुनाच आहे हा,
हुबळीहून कुणाचं सामान निघालं त्यात आलेला.
धुळीखाली एक चिकटपट्टी, चहासारखी पडलेली,
तिच्यावर बॉलपेननं तीन ओळी.
कानडी मला येतं ते बसच्या पाट्यांपुरतं.
दोन आपल्यासारखाच. आठाला थोडी थांबले.
अठ्ठावीस. खाली सेहेचाळीस.
तिसऱ्या ओळीत अक्षरं होती,
बोट ठेवून एकेक जुळवलं:
ह. ळ. दि.
पुढे सहा.

लाइट येईपर्यंत मी ती पट्टी बघत बसले.
वेलांटी काढताना पेन घासलं होतं त्याचं,
किंवा तिचं, दोनदा गिरवलेली.

साडेचारला लाइट आली.
खाली, खाली, आत, उजवीकडे.
अठ्ठावीस, सेहेचाळीस, आणि रंगाच्या खान्यात
पिवळ्यासमोर सहा.
मला जरा अंधारंच वाटलं.
बत्तीस करावं म्हणून बोट नेलं,
मग म्हटलं आधी एक प्रूफ तर काढू.

ते दारातल्या उजेडात धरलं.
भरमाण्णा उठून आले, चष्मा कपाळावर,
बॉर्डरवर अंगठा फिरवून विचारलं,
"ही हळद कुणाकडची?"
म्हटलं, नाव अजून कळलं नाही.